पक्की दारूबंदी

गुजरातच्या दारूबंदीवर आमच्या मामेसासऱ्यांइतका विश्वास आजवर कुणी ठेवला नसेल, अगदी ती बंदी घालणाऱ्यांनीसुद्धा. आणि त्याच दारूबंदीला त्यांच्याइतक्या शिव्याही आजवर कुणी दिल्या नसतील, अगदी गुजरातेतल्या तहानलेल्यांनीसुद्धा. विश्वास आणि शिव्या यांच्या मधोमध एक लग्न होतं, त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, सुलूचं. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. मूळ मालवणकडचे, राहायला घाटकोपरला, नोकरी विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइमकीपरची. आम्ही चेंबूरला राहायचो, त्यामुळे रविवारी त्यांच्याकडे आमची फेरी ठरलेली. ऐंशीनंतरच्या त्या सगळ्या वर्षांत मी स्वतःच्या राज्याच्या कारभाराबद्दल जेवढं ऐकलं नाही, तेवढं शेजारच्या राज्याबद्दल त्या घरातल्या खुर्चीत बसून, हातात पोह्यांची बशी घेऊन ऐकलं.

टाइमकीपरचं काम मामांच्या अंगात पार मुरलेलं होतं. भोंगा झाला की फाटक बंद. मग बाहेर राहिलेला माणूस मामांचा व्याही का असेना. जगातला प्रत्येक नियम असाच लोखंडी असतो आणि त्याला कुलूप असतं, अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या घराजवळच्या बागेचं फाटक दुपारी चारला उघडायचं. फाटकाला लागूनच भिंत पडलेली, बैलगाडी सहज आत जाईल एवढी. अख्खा परिसर त्या भगदाडातून ये-जा करायचा. मामा मात्र छत्री टेकून बंद फाटकापुढे उभे. मी एकदा आतून हाक मारली, "मामा, इकडून या ना, सगळे इकडूनच येतात." मामा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "मग फाटक कशाला बांधलंनी?" शेवटी मीच भगदाडातून बाहेर गेलो आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

दारूचा त्यांना एवढा तिटकारा, की वैद्यांनी मामींना दिलेलं द्राक्षासव त्यांनी वास घेऊन त्याच पावली परत केलं आणि वैद्यांना ऐकवलं, "ह्याचा परवाना आहे काय तुमच्याकडे?" माझ्या साखरपुड्याला हे गृहस्थ मला पुन्हापुन्हा मिठी मारत होते. केवढा प्रेमळ माणूस, असं मला वाटलं. लग्न झाल्यावर बायकोने सांगितलं, "अरे, तो वास घेत होता तुझा." त्यांच्या या परीक्षेत मी पास झालो, याचा मला उगाच अभिमान वाटतो.

या तिटकाऱ्यामागे हसण्यासारखं काही नव्हतं. मामांचे वडील लालबागला गिरणीत होते. पाळी सुटल्यावर वडील स्वतःच्या पायांनी घरी आलेत, असं मामांनी लहानपणी फार क्वचित पाहिलं. चाळीतले लोक त्यांना धरून आणायचे आणि खोलीत सोडून खाली मान घालून निघून जायचे. वडील चाळिशीतच गेले. "आई खूप रडली," मामा एकदा म्हणाले, "आणि मग शांत झोपली. मी तिला अशी झोपलेली कधी बघितलीच नव्हती." हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता. तरी मी नको तो प्रश्न विचारला, "पण मामा, तेव्हा तर आपल्या मुंबईतही दारूबंदी होती ना?"

"होती," मामा म्हणाले. "पण ती कच्ची. गल्लोगल्ली हातभट्टी. गुजरातची पक्की. त्यांनी अजून उठवलेली नाही!"

सुलूला बडोद्याचं स्थळ सांगून आलं, तेव्हा मामांना स्वर्ग दोन बोटं उरला. मराठीच घर, तीन पिढ्या तिकडे स्थायिक, मुलगा कारखान्यात सुपरवायझर. लोक मुलाचं शिक्षण बघतात, घर बघतात, स्वभाव बघतात. मामांनी राज्य बघितलं. ते खास रजा टाकून बडोद्याला गेले आणि गावभर फिरून चौकशी केली. चौकशीची पद्धत अशी : पानवाला, रिक्षावाला, लॉजचा मॅनेजर, जो दिसेल त्याला गाठायचं आणि कारखान्याच्या फाटकावरच्या आवाजात विचारायचं, "भाईसाब, इधर दारू किधर मिलेगा?" अंगात कडक इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, खाली खाकी पँट, केस बारीक कापलेले. साध्या वेशातला फौजदारच! त्याला कोण पत्ता सांगणार? सगळ्यांनी हात जोडले. एका पानवाल्याने तर घाईघाईने दुकानाची फळी लावली. मामा परत आले ते भारावूनच. "नुसतं नाव काढलं तर माणसानं दुकान बंद केलंन! ह्याला म्हणतात धाक!" मुलाची चौकशी करायची तेवढी राहून गेली. अख्खं राज्यच निर्व्यसनी म्हटल्यावर त्यातला एकटा मुलगा कशाला तपासायचा?

लग्न थाटात झालं. वर्षभर मामा अशा ऐटीत वावरले, जणू दारूबंदीच त्यांच्या घरी सून म्हणून आली होती.

लग्नानंतरच्या दुसऱ्या गणपतीला सुलू आली ती एकटीच. मामी तिची वेणी घालायला बसल्या, तर मुलीच्या मंगळसूत्रात नुसतेच काळे मणी. सोन्याच्या वाट्या गायब. "तुटलं होतं, सोनाराकडे दिल्यात," सुलू म्हणाली. मामींनी "कधी गं?" एवढंच विचारलं, आणि मुलगी त्यांच्या मांडीवर कोसळली. जावई रोज पीत होते. लग्नाच्या आधीपासून पीत होते. आणि दारू शोधत कुठे जावंही लागत नव्हतं. सकाळी दूध यावं तसा मागच्या दाराशी माणूस यायचा आणि पिशवी देऊन जायचा.

त्या दिवसापासून मामांचा आणि गुजरात सरकारचा उभा दावा सुरू झाला. पेपर आला की आधी तिकडची बातमी. "घरपोच!" मामा ओरडायचे. "इकडे प्यायची तर माणसाला निदान नाक्यापर्यंत चालत जावं लागतं. चार लोक बघतात, कुणीतरी बापाला येऊन सांगतो. तिकडे ती लाजसुद्धा कायद्याने काढून घेतली! चोरून प्यायची म्हटल्यावर माणूस घरात बसून पितो, आणि घरात कोण असतं? बायको!" हे सगळं तळमजल्यावरच्या फरसाणवाल्या गुजराती शेजाऱ्याला ऐकावं लागायचं, कारण मामांच्या दृष्टीने तो गुजरात राज्याचा घाटकोपरमधला वकील होता. "तुमच्या सरकारला सांगा काहीतरी!" तो बिचारा कढईतला झारा बाजूला ठेवून हात जोडायचा. "अरे मामा, मी घाटकोपरमंदीच जन्मला. तिकडे फक्त दोन वेळा गेला, दोन्ही वेळा लगनमंदी. मला काय विचारते तुम्ही?" मामा म्हणायचे, "जात असता ना लग्नाला? मग तिथं बोलायचं!" तरी परत फिरताना त्याने दिलेली गाठ्यांची पुडी नाकारायचे नाहीत.

सुलू सणावाराला यायची, चार दिवस राहायची, परत जायची. दर खेपेला जरा वाळलेली दिसायची. माझ्या बायकोने एकदा तोंडावर सांगितलं, "मामा, वाट लागलीय रे तिची. तिला ठेवून घे इथेच."

"अगो, मुलगी परत आणायची म्हणजे काय खेळ आहे?" मामा म्हणाले. "अंमलबजावणी नीट होऊ दे. एकदा पुरवठा बंद झाला की माणूस सुधारतो. जावई मुळात वाईट नाहीत."

मला तेव्हा त्यांचा राग आला. सुधारायचं होतं सरकारने, मग पोलिसांनी, मग जावयाने, आणि तोवर मुलीने थांबायचं होतं. पण त्यांच्याकडे नीट पाहिल्यावर माझा राग ओसरला. राज्य स्वतः बघून पसंत केलं होतं त्यांनी. ते राज्य खोटं निघालं असं कबूल केलं, तर मुलीला त्या घरात ढकलणारा एकच माणूस उरत होता.

शेवटी एके दिवशी मामांनी ठरवलं, की बडोद्याला जाऊन थेट चौकीवरच जाब विचारायचा. "हे एकटे गेले तर आत टाकतील," म्हणून मामींनी मला बरोबर धाडलं. चौकीतला अधिकारी वयस्कर होता. मामांनी उभ्यानेच तक्रार मांडली, "आपके कायदे पर भरोसा रखके हमने लडकी दिया. अब जवाब कौन देगा?" मला वाटलं, आता हाकलून देतात. पण त्याने मामांना बसवलं, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाला, "काका, दारू हम पकड़ सकते हैं. लेकिन जमाई तो आपने पसंद किया था." मामांनी पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. बाहेर आल्यावर त्यांनी रिक्षावाल्याला सुलूचा पत्ता तेवढा सांगितला.

सुलूच्या घरी पोचलो तेव्हा भर दुपार होती. ती मेथी निवडत बसली होती. आतल्या खोलीत जावई झोपलेले. सुलूने आम्हांला पाणी दिलं आणि पुन्हा मेथीशी जाऊन बसली. मामांना तेवढ्यात कंठ फुटला. इथले पोलीस, इथलं सरकार, हे असले कायदे करणारे लोक... गाडी चांगली घाटाला लागली होती, तेवढ्यात सुलू मान वर न करता म्हणाली,

"बाबा, मला घरी न्यायला आलात का?"

मामा थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू याचं उत्तर मला पाठ असेल. भावना अनावर झाल्या की मामा मालवणीवर जात. "तू कधी बोललंसच नाय गो माका," ते म्हणाले.

"दर वेळी तेच सांगायला यायचे," सुलू म्हणाली. "तुम्ही कायद्यावर सुरू व्हायचात. मग माझ्या गाडीची वेळ व्हायची."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते ऐकणं फार कठीण गेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही. मामा उठले आणि आतल्या खोलीच्या दारात गेले. जावई पायांतल्या बुटांसकट पलंगावर आडवे होते. मामांनी वाकून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, पलंगाखाली सरळ लावून ठेवले. हे काम त्यांच्या हातांना लहानपणापासून ठाऊक असावं. बाहेर येऊन ते एवढंच म्हणाले, "कपडे भर तुझे."

सुलू घाटकोपरला आली आणि तिथेच राहिली. बिल्डिंगमध्ये कुजबुज झाली, मग थांबली. तिने एका बालवाडीत नोकरी धरली. मामांनी मात्र गुजरातच्या कारभारातलं लक्ष एकाएकी काढून घेतलं. मला आधी चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. तणतण करणाऱ्या माणसाची सवय झाली, की त्याचं गप्प बसणं घरात ऐकू येतं.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण आली की मला त्या घरातली एक साधीशी संध्याकाळ दिसते. सुलू कामावरून येऊन चहा घेत बसली होती आणि काहीतरी सांगत होती. मी पेपर चाळता चाळता, जुन्या सवयीने मामांना डिवचायला म्हणून तिकडची एक बातमी मोठ्याने वाचायला घेतली. मामांनी हात वर करून मला थांबवलं. "राहू देत तां. सुलू काय सांगता तां आधी आयकूया." सुलू सांगत होती ते एवढंच, की बालवाडीतल्या एका पोरीने आज अख्खा खडू खाल्ला. मामा ते शेवटपर्यंत ऐकत होते.