दोन शे!

पुंजाराम काकडच्या कोथिंबिरीच्या ढिगात कुणी हात घालत नाही. या वाक्याचं वजन संध्याकाळच्या लिलावाला उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. नाशिकच्या मार्केटात व्यापारी आला की आधी ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालतो, तळातली जुडी उपसतो, तिचा बंद सोडतो आणि आत पिवळं काय आहे ते शोधतो. वरच्या थरातल्या जुड्या नवरीसारख्या नटलेल्या आणि तळातल्या लग्नाला न बोलावता आलेल्या, ही तिथली सर्वमान्य रीत. त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. लपवणारा लपवतो, शोधणारा शोधतो, आणि दोघं मिळून चहा पितात.

पुंजारामचा ढीग मात्र तसाच जातो. वरची जुडी तीच तळातली जुडी. झिपरूशेठ नावाचे व्यापारी त्याचा माल वर्षानुवर्षं घेतात. ढिगासमोर येतात, पुंजारामकडे बघतात आणि भाव बोलून पुढे सरकतात. त्या वेळी पुंजाराम शेजारच्या शेतकऱ्याकडे अशा काही नजरेनं पाहतो, की जणू त्याला नुकतंच नगरपालिकेनं मानपत्र दिलंय. बाकी त्याला कशाचाच गर्व नाही. मळा बेताचा, घर बेताचं, मिशीसुद्धा बेताचीच. पण ‘माझ्या ढिगात हात नाय घालत कोणी’ हे तो दिवसातून एकदा तरी म्हणतो. ऐकायला माणूस नसेल तर म्हशीला सांगतो.

असा हा माणूस रविवारी पॅड बांधतो आणि पार बदलून जातो.

पुंजाराम आमच्या मळेकर इलेव्हनचा विकेटकीपर. वय पन्नाशीपलीकडे, क्रिकेट टेनिस बॉलचं. गुडघे वाकताना आवाज करतात, पण तोही त्यानं कामाला लावलाय. बॉलर धावत आला की नेमका बसतो आणि बॅट्समनला वाटतं, आपली बॅट तडकली. कुणाला सांगेल, “भाऊ, ती पांढरी स्कूटर तुमचीच का? पोरं हवा सोडताहेत.” कुणाला विचारेल, “वडिलांचं ऑपरेशन झालं का हो नीट?” वडील ठणठणीत असतात, पण पुढचा चेंडू त्या बिचाऱ्याला दिसत नाही. अपील तर असं करतो, की मैदानाबाहेरच्या उसाच्या रसवाल्याचं बोट वर जातं.

आणि आवाज! कुणाचाही आवाज तो हुबेहूब काढतो. लिलावात भाव पुकारणाऱ्यांचे आवाज ऐकून ऐकून तयार झालेला गळा. निफाडच्या एका नावाजलेल्या बॅट्समनला त्यानं एकदा त्याच्याच सासऱ्याच्या आवाजात “अहो जावईबापू!” अशी हाक मारली. जावईबापू बोल्ड.

“बाजारात असला सरळ आणि इथं असला लबाड, हे कसं काय?” असं कुणी विचारलं, तर झिपरूशेठ त्याचा खुलासा करत. त्यांचं एक शास्त्र होतं. “माणसाच्या अंगात लबाडीचा साठा ठरलेला असतो. बाकीचे तो बाजारात वापरतात. आमच्या पुंजारामाचा रविवारीच संपतो. सोमवारी आणणार कुठून? म्हणून मी हात घालत नाही.” सगळे हसत. पुंजाराम सगळ्यांत मोठ्यानं हसे.

यंदा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आमच्यासमोर देवळ्याचा संघ आला. कांदा पिकवणारी, रापलेली, कमी बोलणारी माणसं. त्यातले भिका आणि दिनेश हे सख्खे भाऊ. भिका मोठा, दिनेश धाकटा. दोघं धावा काढताना अहिराणीत बोलत. एक धाव असली की भिका म्हणे, “एक शे, भो!” आणि दोन असल्या की “दोन शे!” ‘शे’ म्हणजे ‘आहे’ आणि ‘भो’ म्हणजे ‘भाऊ’. आता मार्केटात वाढलेल्या आमच्या लोकांना ‘दोनशे’ म्हटलं की भावच ऐकू येतो. पुंजारामानं पहिल्याच हाकेला विचारलं, “दोनशे? कुठल्या मालाला?”

भिका नुसता हसला. 

एक गोष्ट मात्र पुंजारामाच्या लक्षात आली. भिकानं हाक दिली की दिनेश मान वर करून चेंडू कुठे आहे ते बघतच नसे. थोरला म्हणाला दोन, म्हणजे दोन. डोळे मिटून धावायचं.

सामना शेवटच्या षटकापर्यंत आला. हीच दोघं, शेवटची जोडी. जिंकायला चार धावा हव्या होत्या. दिनेशनं चेंडू लाँग ऑनला ढकलला आणि एक धाव निघाली. भिका धावत यष्टींमागच्या बाजूला, म्हणजे पुंजारामाच्या शेजारी येऊन थांबला, आणि दिनेश पलीकडे बॉलरच्या टोकाला पोचला. तेवढ्यात भिकाच्या बाजूनं, भिकाच्याच आवाजात हाक आली.

“दोन शे, भो!”

दिनेश मान खाली घालून सुटला. भिका जागचा हलला नाही. त्यानं हाक दिलीच नव्हती. चेंडू सरळ बॉलरकडे आला आणि पलीकडच्या यष्ट्या उडाल्या. अंपायरनं बोट वर केलं. आमच्या पोरांनी मैदानात लोळण घेतली, ताशावाल्यानं ताशा बडवला आणि आमचा कप्तान सुयश कप ठेवलेल्या टेबलाकडे पळाला.

यष्टींपाशी उरले तिघं. दोन भाऊ आणि पुंजाराम.

“भाऊ, काय कामे बलावं मले?” कशाला बोलावलंस, असं विचारताना दिनेशला धाप लागली होती.

“मी नही बलावं.”

“तूच बोलना ना, दोन शे!”

“मायनी आन, दिन्या. मी काहीच नही बोलनू.”

“मी सोता ऐकं!” दिनेशनं बॅट खाली टाकली. “हारनूत ते हारनूत, पन मायनी खोटी आन नको खाऊ. आजपासून तुन्हा हाकवर मी पाय नही उचलनार.”

 मैदानात एवढा ताशा वाजत होता, पण भिकाच्या चेहऱ्यावर काही ऐकू येत असल्याची खूण नव्हती. ज्याच्या शब्दाला आजवर कुणी उलटून पाहिलं नव्हतं, त्याच्या शब्दाच्या पोटात आज हात गेला होता, आणि तोही सख्ख्या भावाचा.

पुंजाराम ग्लोव्ह्ज काढत होता. एक काढला. दुसरा काढता काढता थांबला आणि तसाच अंपायरकडे चालू लागला. अंपायर म्हणजे एका शाळेत पीटी शिकवणारे कडक गृहस्थ.

“साहेब,” पुंजाराम खालच्या आवाजात म्हणाला, “ते दोन शे माझं हाय.”

“कसले दोनशे?”

“दोन शे हो. मी दिलं.”

अंपायर दोन पावलं मागे सरकले. “हे बघा काकड, मी असलं काही घेत नाही! सगळ्यांसमोर काय बोलता?”

“पैसे नाय हो! हाक! दोन शे म्हणून मी वरडलो. ह्याच्या आवाजात.” आणि पटावं म्हणून त्यानं तिथल्या तिथे पुन्हा ती हाक दिली. इतकी हुबेहूब, की दिनेशचा पाय आपोआप उचलला गेला.

ताशा बंद पडला. दिनेशनं आधी पुंजारामाकडे पाहिलं, मग भिकाकडे. मग खाली वाकून बॅट उचलली आणि उगाचच तिच्या मुठीवरचं रबर नीट करत बसला. भिकानं त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. देवळ्याकडे माफी अशीच मागतात आणि अशीच देतात, एवढं मला त्या दिवशी कळलं.

पीटी मास्तरांना नियम पाठ. फलंदाज बाद नाही, आणि मुद्दाम फसवल्याबद्दल पाच धावांचा दंड. म्हणजे खेळायचं काही उरलंच नाही. कप देवळ्याला गेला.

“नाना, तुम्ही नुसते गप्प बसला असता ना,” सुयश रडवेला होऊन म्हणाला, “तर कप आपला होता!”

“लबाडी करावी बाबा,” पुंजाराम म्हणाला, “पण आपल्या आवाजात करावी. त्याच्या आवाजानं त्याच्या भावाला फसवलं मी. ते आपलं नाय.”

“मग हे आधीच सुचायला हवं होतं की!”

“आधी सुचतं व्हय कोणाला?”

घरी त्याच्या बायकोनं, कलाबाईनं, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “बरं झालं. कप घासायचं काम वाचलं.”

सोमवारी संध्याकाळी पुंजाराम नेहमीसारखा ढिगामागे उभा राहिला. कोथिंबीर अशी हिरवीगार, की बघून गाईनं नमस्कार करावा. कालची बातमी मार्केटात आधीच पोचली होती; दोघातिघांनी येऊन त्याची पाठही थोपटली. मग झिपरूशेठ आले. ढिगासमोर थांबले. पुंजारामकडे पाहिलं. आणि बाही वर सारली.

“शेठ?” पुंजाराम म्हणाला.

झिपरूशेठचा हात कोपरापर्यंत आत गेला. त्यांनी तळातली जुडी उपसली, बंद सोडला, काडी काडी बाजूला करून पाहिली.

“शेठ, काय हे? माझ्या ढिगात?”

“राग मानू नकोस, पुंजाराम.” झिपरूशेठ मनापासून संकोचले होते. “पण काल तू भर मैदानात खरं बोललास म्हणे.”

“मग?”

“मग साठा शिल्लक राहिला ना रे! तो कुठंतरी निघणार. मला धंदा बघायला पाहिजे.”

शेजारचे शेतकरी हसून हसून आपापल्या ढिगांवर बसले. पुंजाराम हसला नाही. सोडलेली जुडी त्यानं पुन्हा बांधली. नेहमी एका गाठीत बांधणारा माणूस, त्याला त्या दिवशी तीनदा बांधावी लागली.

आठवडाभर हेच. झिपरूशेठ रोज येत, रोज ‘माफ कर हं’ म्हणत आणि रोज हात घालत. पिवळं पान एकदाही सापडलं नाही. पुंजाराम म्हशीशी बोलेनासा झाला.

पुढच्या रविवारी पेठच्या संघाशी साधा मैत्रीचा सामना होता. झिपरूशेठ बघायला आले होते, हे पुंजारामानं पॅड बांधतानाच पाहिलं. पहिला बॅट्समन येऊन उभा राहिला, बॉलर धावू लागला, आणि यष्टींमागून पुंजारामाचा, अस्सल त्याचाच, खणखणीत आवाज आला.

“भाऊ, पॅन्ट मागून उसवलीय!”

बॅट्समनचा हात मागे गेला. यष्टी पडली. बाहेर झिपरूशेठनी समाधानानं मान डोलावली आणि वर सारलेली बाही खाली ओढून तिचं बटण लावून टाकलं.