नसरीन मॅडमवर मी चिडलो तो दिवस

नसरीन मॅडमना जाऊन आज वर्ष झालं, आणि आज मी जाम खुश आहे.

बऱ्याच जणांना माहीत नाही, त्या माझ्या थेरपिस्ट होत्या.

मी इकडे आखातात, मीना अल-अहमदीला रिफायनरीत इन्स्पेक्शनला. उंच टॉवरवर शिडीने चढून तपासणी करायची. कित्येक वर्षं केली.

मग एका सकाळी अर्ध्या शिडीवर हात सुटेचनात. छातीत धडधड, घामाच्या धारा. दोघांनी धरून खाली आणलं.

हार्ट ठणठणीत निघालं. मला ऑफिसात टेबलावरच्या कामाला बसवलं. मी घरी बोलेनासा झालो, तेव्हा सीमानं, माझ्या बायकोनं, जाब्रियातल्या क्लिनिकची अपॉइंटमेंट घेतली.

मॅडम मूळच्या श्रीवर्धनच्या. मराठीत बोलायच्या म्हणून तरी मी गेलो.

त्यांनी श्वासाचे व्यायाम दिले, थोडं थोडं चढायला सांगितलं. मी दर वेळी म्हणायचो, मस्त चाललंय. साफ खोटं.

एक दिवस त्या म्हणाल्या, "मला बरं वाटावं म्हणून तुम्ही बरे होताय."

मी भडकलो. मी, जो कधी कुणाला उलटून बोललो नाही! खुर्चीत बसून बोलणं सोपं असतं, असं काहीबाही बोललो आणि निघालो.

लिफ्टपाशी वाटलं, संपलं. आता या मला उभं करणार नाहीत.

तरी परत फिरलो. त्या तशाच बसल्या होत्या.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "मला ती शिडी माहीत नाही. कशी असते, सांगा."

सगळं सांगितलं. तापलेलं लोखंड, वारा, खालून बघणारी ज्युनिअर पोरं. आणि पहिल्यांदा म्हणालो, मला भीती वाटते.

त्यानंतर खोटं बोललो नाही. एखादा उपाय लागू पडला नाही तर तसं सांगायचो, मग आम्ही दोघं मिळून दुसरा शोधायचो. व्यायाम जवळपास तेच, पण आता ते लागू पडायला लागले.

मग त्यांना कॅन्सर निघाला. त्यांनी स्वतःच सांगितलं आणि मला दुसऱ्या काउन्सेलरकडे सोपवलं. म्हणाल्या, "त्यांच्यावरही चिडा बिनधास्त."

तर मित्रांनो, आज सकाळी मी टॉवरवर चढलो. टोकापर्यंत!

भीती होतीच. पण चढलो. समोर अख्खा समुद्र, आणि मी वेड्यासारखा हसतोय.

खाली येऊन सीमाला फोन केला. ती आधी हसली, मग रडायलाच लागली.

कुणाला थेरपिस्टकडे जायचं असेल आणि लाज वाटत असेल, तर मला मेसेज करा. मी सोबत येईन.

मॅडम, मी तोडून निघालो तरी तुम्ही मला तोडलं नाहीत.

मनापासून श्रद्धांजली.