मानेखालचा हात

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नव्या रायपूरला ऑफिससमोरच्या थांब्यावर बसची वाट बघत होते. पलीकडून माझी लेक रेवा बोलत होती. "आई, आत्या नहीं रही…" एवढंच. ही पिढी आनंद असो की दुःख, हिंदीतच सांगते. समोर तो रुंद, रिकामा रस्ता, बसचा पत्ता नाही, आणि माझ्या डोक्यात वेड्यासारखा एकच विचार, की डिसेंबर लागलाय, ताईंनी तांदूळ बांधले असतील का.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. त्यांनी लग्न केलं नाही, मिशनच्या शाळेत शिकवलं आणि जुन्या शहरातल्या ब्राह्मणपाऱ्यात, आमच्याच घरात राहून मला पुरून उरल्या. आमचं पटत नाही असं लोक म्हणत, आणि लोकांचं फारसं चुकत नव्हतं. शाळेतलं नाताळचं नाटक त्या बसवायच्या. त्याआधी तिथे पात्रं कशी निवडतात हे सगळ्यांना पाठ होतं. गोरी मुलगी येशूची आई मरियम, तिच्याहून जरा कमी गोऱ्या त्या देवदूत, घरी जरीची शाल असेल ते राजे, आणि उरलेली काळीसावळी, बसनं येणारी पोरं मेंढपाळ नाहीतर मेंढ्या. तसा नियम कुणी केला नव्हता, पण मोडतही कुणी नव्हतं.

ताईंनी मोडला. जुन्या सुती लुगड्यात तांदूळ बांधून त्या बाळ करायच्या. अंगाचं गाठोडं मोठं, डोक्याचं लहान, आणि मान मुद्दाम सैल. खाली हात नसला की डोकं लटकायचं. एकेका मुलीला ते द्यायचं, "धर जरा, मी आलेच" म्हणून बाजूला जायचं आणि भलत्याच कुणाशी बोलत तिरप्या डोळ्यानं बघायचं. जिचा हात न सांगता मानेखाली जाई आणि तिथेच राही, ती मरियम. नाटक झालं की त्याच तांदळाची खीर सगळ्या पोरांना.

राज्य नवीन झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं तेव्हाची गोष्ट. भोपाळहून साहेबलोक येत होते, शाळेचा रुबाब वाढला होता. त्या वर्षी नाटकाला मोठे पाहुणे येणार होते, आणि ताईंची मरियम होती फुलेश्वरी. अभनपूरहून बसनं येणारी, काळीभोर, धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाढलेली. नाटकाच्या आदल्या संध्याकाळी शाळेच्या मोठ्या सिस्टर आमच्या घरी आल्या. चहाला हात लावला नाही. "मैडम, मेहमान आएँगे, फोटो खिंचेगी. आपकी भतीजी गोरी है, डायलॉग भी याद हैं उसे. सुबह तक सोच लीजिए… नहीं तो अगले साल नाटक कोई और सँभालेगा."

त्या गेल्या आणि मी उसळले. रेवाला ताईंनी मेंढी केलं होतं, ते मला सलतच होतं. "ताई, सिस्टर स्वतः मागून राहिल्या, तरी काहून नाही? घरची पोट्टी म्हणून?"

ताईंनी कपाटातून गाठोडं काढलं आणि रेवाच्या हातात दिलं. घरात राहून तिला ही परीक्षा ठाऊक होती. तिचा हात बरोबर मानेखाली गेला. मी ताईंकडे विजयानं बघितलं. त्या निवडायची मेथी घेऊन बसल्या. काड्या मोडल्याचा आवाज तेवढा येत होता. मग गल्लीतून मैत्रिणीची हाक आली, "रेवा, आ ना!" आणि पोट्टीनं बाळ दिवाणाच्या काठावर टाकलं नि पळाली. ते घसरलं. मी झेप घेऊन धरलं.

ताई माझ्या हाताकडे बघत होत्या. "तुलेच करू का मरियम?" म्हणाल्या. हसायला हवं होतं, पण माझा राग उतरला नव्हता. मग त्या हळूच म्हणाल्या, "नाटक गेलं तर जाऊ दे. उद्या त्या पोरीले काय सांगू, तू काळी आहेस म्हणून?"

दुसऱ्या दिवशी फुलेश्वरीच उभी राहिली. पहिल्या रांगेत पाहुणे, पडद्याआड सिस्टर. एका देवदूताचा पंख लागला आणि ती अडखळून गुडघ्यांवर आपटली. तिचा गुडघा फुटला होता, पण बाळाची मान हलली नव्हती. तशीच ती उठली आणि पुढचं वाक्य म्हणाली. आमची मेंढी मात्र मला शोधून हात हलवत होती.

पुढच्या वर्षी नाटक ताईंकडून गेलं. मरियम पुन्हा गोरी झाली. ताई मात्र दर डिसेंबरात गाठोडं बांधत राहिल्या आणि नाताळला घरीच खीर करत राहिल्या. मी म्हणायची, "ताई, आता कोणाची परीक्षा घेऊन राहिल्या?" त्या म्हणायच्या, "हव, घेऊन राहिली." आता तसं चिडवायलाही कुणी नाही, याचं फार वाईट वाटतं.

नाताळच्या सकाळी त्यांचं कपाट उघडलं. तांदूळ बांधलेले होते. खीर करावी म्हणून मी गाठोडं उचललं आणि गाठ सोडायला बसले… बराच वेळ बसून राहिले. खोलीत तिरप्या डोळ्यानं बघणारं कुणी नव्हतं. माझा हात मानेखाली होता.