सागवानावरचा नारळ

माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुवेतला गेलो तरी खोड गेली नाही. गाडीच्या ड्रायव्हरशी भांडलो, मेसच्या आचाऱ्याशी भांडलो, एकदा तर आमटीत मीठ जास्त म्हणून ताट घेऊन थेट मॅनेजरच्या टेबलाशी गेलो. पण ज्या एका दुपारी तोंड उघडायला हवं होतं, त्या दुपारी मी मुका झालो. ती दुपार अजून माझ्या मानगुटीवर बसलेली आहे.

कंपनीत लाकडाला पॉलिश करणारे आम्ही दोघंच. एक मी आणि दुसरे आमच्याच वाडीतले काका. नात्याने काका नव्हेत, पण हातात पॉलिशचा बोळा पहिल्यांदा त्यांनीच दिला आणि पुढे कुवेतचा व्हिसाही त्यांच्याच शब्दावर मिळाला. पन्नाशी उलटलेले, किडकिडीत, बोलायला कंजूष. त्यांची धाकटी मुलगी रत्नागिरीला नर्सिंग शिकत होती. त्यांच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. पांढऱ्या कपड्यांतला तिचा फोटो काकांच्या उशाखाली असायचा. "आजून दोन वर्सां. ती नर्स झाली काय मी मोकळो," एवढंच ते म्हणायचे.

इराकशी झालेली लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली होती. जानेवारीचे दिवस होते. खैरानला समुद्राकाठी एका कुवेती कुटुंबाचं सुट्टीतलं घर होतं. खाली सगळी सागवानी फळ्यांची जमीन, आणि लढाईनंतर कुणीतरी घाईघाईने तिच्यावर कार्पेट चिकटवून टाकलेलं. आता मालकिणीला पुन्हा लाकूड बघायचं होतं. कार्पेट काढा, गोंद काढा, घासा, नवं पॉलिश चढवा. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी ती बाई माणसं घेऊन राहायला येणार होती.

आम्हाला सोडायला आलेल्या फोरमनने गाडीतच सांगून टाकलं, "मुदीर को दो पॉलिशवाले भारी पड़ते हैं. बुड्ढे का अकामा इसी महीने ख़त्म है. काम अच्छा हुआ तो मैं बोलूँगा, दोनों रहो. कुछ गड़बड़ हुई तो बुड्ढा जाएगा." मुदीर म्हणजे मॅनेजर, अकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना. तो नवा झाला नाही की माणसाने पेटी भरायची. काका पुढच्या सीटवर बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली. मग उतरताना फोरमन माझ्याकडे वळला, "और उधर पूजा-बीजा नहीं. पिछली बार लफड़ा हुआ था. समझा?"

कार्पेट ओढलं तर खालचा रबर पार कुजलेला, हाताला चिकटणारा, आणि त्याच्याखाली घमेलंभर वाळू. पण दोन दिवस खरवडल्यावर फळी दिसायला लागली तेव्हा काकांनी अंगठा ओला करून तिच्यावर फिरवला, वास घेतला आणि चक्क हसले. "मलबारचो साग," म्हणाले. त्यांनी फळीला हात लावून कपाळाला लावला. मला मात्र घाई सुटली होती. एकेका कोपऱ्यात गोंद असा बसला होता की पॉलिश पेपर दोन फेऱ्यांत भरून गुळगुळीत व्हायचा. मी पिशवीतून लोखंडी तारेची घासणी काढली. काकांनी पाहिलं आणि ओरडले, "तार लावू नको हां! सागाक लोखंड लागला नि वर पाणी पडला, तर काळा पडतला. कागदानच घास."

"व्हय, व्हय," मी म्हटलं. आणि ते पलीकडच्या खोलीत गेल्यावर बैठकीच्या खोलीतले चारही कोपरे आणि दाराजवळचा भाग तारेनेच घासून काढला. झटपट निघाला ना गोंद! वर झाडू मारला. लोखंडाची बारीक पूड फळीच्या रेषांत बसते, ती झाडूने निघत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. अंगात मस्ती होती, दुसरं काय?

मंगळवारी संध्याकाळी घासणं संपलं. सकाळी पॉलिशचा पहिला हात द्यायचा होता. आणि काका पहिल्या हाताआधी नारळ फोडून गाऱ्हाणं घातल्याशिवाय ब्रशला हात लावत नसत. फोरमन कितीही सांगो, हा नारळ ते फिंतासच्या दुकानातून आणून कपड्यांत गुंडाळून ठेवायचे. ते कोऱ्या लाकडापुढे हात जोडून उभे राहिले, डोळे मिटले. मला म्हणाले, "भायर पायरेवर फोड. आत नको."

मी दार उघडलं. शेजारच्या घराचा राखणदार समोरच खुर्ची टाकून बसला होता, आमच्याकडेच बघत. त्याने फोरमनला सांगितलं तर? मी दार लोटून घेतलं. मागे काकांचं सुरू झालं होतं, "बा देवा म्हाराजा, ह्या परक्या मुलखात तुझी लेकरां कामाक बसली हत. काय चूकभूल झाली आसात तर पोटात घाल, हातातल्या कामाक येश दी..."

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं आणि आतच, डाव्या हातात नारळ धरून हातोडीचा घाव घातला. पाणी उडालं. चांगलं हातभर उडालं. मी बनियन काढून भराभर पुसलं. काकांनी डोळे उघडले.

"खंय फोडलंस?"

"पायरेवर," मी म्हटलं. दोन्ही भकलं खिडकीत ठेवली.

काम संपेपर्यंत आम्ही तिथेच झोपायचो. सकाळी उठून बघतो तर दारापाशी सात काळे डाग. तळहाताएवढे, काही त्याहून मोठे. शाई सांडावी तसे. मी पॉलिश पेपर घेऊन घासायला बसलो, डाग तसूभर हलेना. उलट खोलवर गेलेला दिसायला लागला.

काका येऊन माझ्यामागे उभे राहिले. विचारलं, "तार लावलंस?"

"व्हय."

"नारळ हयच फोडलंस?"

"व्हय."

"शिरा पडली तुझ्या तोंडार!" एवढंच. आयुष्यात मला त्यांनी दिलेली ती एकच शिवी. मग त्यांनी चपला घातल्या आणि बाहेर पडले. मला वाटलं, फोरमनला फोन करायला गेले. पण तीन घरं सोडून राजस्थानचे लादी घासणारे कारागीर काम करत होते. त्यांच्याकडून डब्यात पांढरी पूड घेऊन आले. मोझॅकवरचे डाग काढायला ते लोक वापरतात, ते अ‍ॅसिड. गरम पाण्यात विरघळवलं, जुन्या ब्रशने डागावर लावलं आणि गुडघे टेकून बसून राहिले. काळ्याचं करडं झालं, करड्याचं तपकिरी, आणि हळूहळू साग परत आला. देवाशपथ सांगतो, मी रडायचाच बाकी होतो.

दुपारपर्यंत पाच डाग गेले. सहाव्यावर काकांनी ब्रश टेकवला आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. फोरमन गुरुवारी येणार होता. तो बुधवारीच आला.

आत येऊन त्याने आधी दोन काळे डाग पाहिले, मग खिडकीतली नारळाची भकलं. "ये क्या है? मना किया था कि नहीं? किसने किया?"

आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. साहजिकच आहे, कंपनीत उपद्व्याप म्हटलं की माझंच नाव. मी तोंड उघडलं. लोक पुढे मला म्हणत, तुझी लेक तेव्हा पाच महिन्यांची, तू तिला पाहिलंही नव्हतंस, तिचा विचार आला असेल. मीही तसंच सांगत आलो. पण ते खोटं आहे. लेक मागाहून आठवली. त्या क्षणी मनात नुसती भीती होती, आणि जीभ टाळूला चिकटून बसली होती.

काकांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. ब्रश चालवत म्हणाले, "नारियल मैंने फोड़ा. दाग भी मेरा है. शाम तक निकल जाएगा."

"बुड्ढा हो गया है तू," फोरमन म्हणाला आणि गेला. मी उभाच होतो. काका म्हणाले, "उभो काय? गरम पाणी हाड." मी पाणी आणायला पळालो.

डाग गेले, सातही. तारेने घासलेल्या कोपऱ्यांनाही तेच अ‍ॅसिड लावलं, मग सगळी जमीन दोनदा धुऊन हीटर लावून वाळवली, वर पॉलिशचे तीन हात दिले. ठरलेल्या गुरुवारी मालकीण आली. म्हातारी होती, काठी घेऊन. दारात चपला काढल्या आणि अनवाणी त्या लाकडावरून पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली, परत आली. "ज़ैन, ज़ैन," म्हणाली. झकास, असं. फोरमनसुद्धा हसला. मला वाटलं, सुटलो! त्या दिवशी कॅम्पवर मी स्वतःच्या हाताने मटण रांधलं.

दहा-बारा दिवसांनी ड्रायव्हर निरोप घेऊन आला. काकांनी ऑफिसात जायचं, व्हिसा कॅन्सलच्या कागदावर सही करायला. कामाची तक्रार नव्हती. साइटवर मना केलेलं केलं, म्हणून.

मी उसळलो. "मी जातंय! मी सांगतंय मुदीराक, नारळ मी फोडलंय!" पायात बूटही घातले.

काका पेटी भरत होते. "गप रव," म्हणाले. "आता सांगलंस तर दोघांकय पाठवतीत. तुझ्या चेडवान काय केल्यान?"

लेकीचं नाव निघालं आणि मी बूट काढले. एरवी बापाचं कधी ऐकलं नाही, पण हे मात्र लगेच ऐकलं. बघा, केवढा आज्ञाधारक! काकांनी जाताना पॉलिश पेपर गुंडाळून घासायचा त्यांचा लाकडी ठोकळा माझ्या खाटेवर ठेवला. विमानतळावर मला कामामुळे जाता आलं नाही, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. सुट्टी मागितलीच नव्हती.

मी तिथे आणखी नऊ वर्षं राहिलो. गावी सुट्टीवर यायचो तेव्हा काकांच्या घरावरून जायची वाट सोडून मळ्यातून जायचो. शेवटी एकदा धीर केला. सुट्टीच्या आदल्याच महिन्यात खैरानच्या त्या जमिनीला नवा हात देऊन आलो होतो, तेवढं सांगायला तरी तोंड होतं.

काका पडवीत बसले होते. थकले होते, पण मला बघून खूश झाले. इकडचं तिकडचं विचारलं नाही. पहिला प्रश्न हाच, "खैरानची फळी खंय उठाक नाय मा?"

"नाय, काका. आजून तशीच हा. डाग पण नाय."

"बरा झाला," ते म्हणाले, आणि खरंच त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

आतून धाकटी चहा घेऊन आली. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या फोटोतलीच मुलगी, आता तिशीकडे झुकलेली. तिने कप पुढे केला तेव्हा तिची बोटं दिसली. टोकांपर्यंत काळी, नखांच्या कडेने साल निघालेली. काजूच्या कारखान्यात बिया सोलणाऱ्या बायकांची बोटं चिकाने तशी होतात. तो काळेपणा कशानेही जात नाही.

"काका," मी म्हटलं, "त्या दिवशी फोरमनान इचारल्यान तेव्हा मी..."

"च्या निवता," काका म्हणाले. "पी आधी."