तरवडाची पाच फुलं

जमिनीखालून कुणीतरी मेलेल्या माणसांची नावं घेत होतं. भर दुपार होती. तो आवाज अजून कानातून गेलेला नाही.

मी सातवी शिकून शिपाई झाले, हवालदार म्हणून निवृत्त झाले. लातूर जिल्ह्यात आमच्या हद्दीतलं एक गाव भूकंपात पडलं होतं. नवं गाव दूर वसलं. जुन्या जागी दगड आणि बाभळी राहिल्या. एक म्हातारी दरवर्षी त्या तारखेला तिथे जाऊन घराघराच्या चौथऱ्यावर तरवडाची पिवळी फुलं ठेवायची. ज्या घरातली जितकी माणसं गेली, तितकी फुलं.

त्या वर्षी ती परतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला, "म्हातारीला भाच्यानं गायब केलं."

भाच्याला आणलं. "मावशीला मी न्हाई नेलं," म्हणाला. पण दोघांनी तिला त्याच्या मोटारसायकलवर पाहिलं होतं. मी त्याला एक ठेवून दिली. तो तोंड मिटून बसला. दोन तास गेले. मग चहा पाजला, तेव्हा बोलला.

"वेशीत सोडलं अन् आलो, बाई. सांजच्याला आणाया गेलो, वेशीतूनच हाका मारल्या. आत जायची लई भीती वाटती."

"अन् म्हातारीला एकटीला सोडायची न्हाई वाटली?"

त्याला घेऊन गाडी काढली. वेशीपासून फुलं बघत चालले. तीन. पाच. एक. सात. माणूस कुठेच नाही, नुसती मोजून ठेवलेली सुकलेली फुलं. पडक्या पाराजवळ ती संपली. पुढचा चौथरा रिकामा होता. तिथेच तो आवाज आला. बरोबरचा शिपाई मागे सरला.

भाचा पुटपुटला, "बाई, ही नावं समदी मेलेल्यांची हायत."

तेवढ्यात खालून खोकला आला.

"मेलेलं माणूस खोकत न्हाई. दोर आण," मी म्हणाले.

गवताखाली धान्याच्या जुन्या पेवाचं तोंड होतं. म्हातारी आत पडली होती, पाय मोडला होता. डोळा लागू नये म्हणून ती गेलेल्यांची नावं घेत बसली होती. भाचाच दोराने खाली उतरला. वर येताच ती त्याच्यावर ओरडली, "मुडद्या, तुझंच घर राह्यलं की!"

तिच्या ओटीतली चुरगळलेली पाच फुलं त्याने रिकाम्या चौथऱ्यावर ठेवली.

खोटं बोलतो तो गुन्हेगारच, असं मी नोकरीभर धरून चालले. हा नुसता घाबरलेला होता. माझ्या थपडेने दोन तास वाया गेले, आणि ते म्हातारीच्या जिवावर बेतले असते.

त्या घरात भूकंपाच्या वेळी सात माणसं होती. पाच गेली. वर्षाचा भाचा आणि त्याला दगडांतून ओढून काढणारी मावशी, दोघं वाचली.