दोन अक्षरांमधली फट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगताना काही वाटतही नाहीये, हेच जरा विचित्र आहे.

वेलचेरी स्टेशनजवळची ती अक्षरांची भिंत मी आखली. पुरुषभर उंचीची रंगीत तमिळ अक्षरं, आणि मधोमध लोखंडी ठोकळ्यांची एक ओळ. ठोकळे हाताने फिरवायचे, आपला शब्द जुळवायचा. ते बनवले आवडी नावाच्या उपनगरातल्या गोविंदरावांनी. तंजावरकडचे मराठी, साठीचे, स्वतःचं छोटं वेल्डिंगचं वर्कशॉप. मी पुण्याचा — पण मराठी बोलतो, एवढ्यावर ते मला चारचौघांत 'आमचा माणूस' म्हणायचे.

माझ्या ड्रॉइंगप्रमाणे त्यांनी दोन ठोकळ्यांत दोन बोटांची फट ठेवली होती. उभं केल्यावर मला ती खुपायला लागली. शब्द तुटका दिसत होता — आमच्या धंद्यात अक्षरांमधली जागा चुकली की चैन पडत नाही. मी मेसेज केला, फट एका बोटावर आणा. त्यांचा लगेच फोन. "बोट सापडेल, सार. वेंडाम, नको." मी म्हटलं, करा हो, जबाबदारी माझी.

भिंत लोकांना खुली झाली, आणि आठव्या दिवशी एका शिक्षिकेचं बोट सापडलं. बिचारी आपलं नाव जुळवत होती. बोटाचं पेर गेलं.

चौकशीला आम्हा दोघांना एकत्र बसवलं. साहेबांनी ड्रॉइंग पुढे ठेवलं. इथे दोन बोटं, मग भिंतीवर एक कसं? मला विचारलं. खरं सांगायला किती वेळ लागला असता? मी म्हटलं, "ड्रॉइंग तर बरोबर आहे." एवढंच. धड खोटंही नाही — किती हुशार, नाही?

गोविंदरावांचा हात खिशातल्या फोनकडे गेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात टेबलावर ठेवला आणि तमिळमध्ये म्हणाले, चूक वर्कशॉपची. त्यानंतर त्यांना कुणी काम दिलं नाही. वर्कशॉप बंद झालं. मला लाज वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं — मग तेही वाटेनासं झालं.

बाहेर पडल्या पडल्या मी तो मेसेज दोघांच्याही फोनमधून पुसायला गेलो. दोन्हीकडून पुसायची मुदत उलटून गेली होती. फक्त माझ्याकडचा पुसला गेला. त्यांच्याकडे तो अजून असेल. चार वर्षं झाली. त्यांनी तो कुणालाही दाखवलेला नाही.