आत्याचा पहिला भाडेकरू

माझी आत्या शिवणकाम करते. बत्तीस वर्षं झाली. तिच्या घराची पुढची खोली हेच तिचं दुकान: खिडकीशी मशीन, कोपऱ्यात पडदा लावून केलेली मापं घ्यायची जागा, आणि उरलेल्या खोलीत कापडच कापड. काम करताना तिच्या तोंडात टाचण्या असतात, त्यामुळे ओठ न हलवता समोरच्याला गप्प करायची विद्या तिला साधली आहे. या विद्येचा सगळ्यात जास्त प्रयोग झाला तो आतोबांवर. आतोबा म्हणजे तिचे यजमान, पोस्टातून निवृत्त झालेले.

साठी ओलांडली तेव्हा आत्यानं जाहीर केलं की दुसरा फ्लॅट घ्यायचा आणि भाड्यानं द्यायचा. "डोळे आहेत तोवर मशीन चालेल. पुढे काय टाचण्या खायच्या?"

आतोबांना कुणी विचारलं नव्हतं, तरी ते म्हणाले, "पैसे बँकेत राहू देत. बँकेचं छत गळत नाही."

"बँकेत कुणी भाड्यानं राहतही नाही," आत्या म्हणाली आणि मला वही घेऊन यायला सांगितलं. भाची असण्याचा हा तोटा.

एजंट मोठा गोडबोल्या होता. पहिल्याच फ्लॅटमध्ये त्यानं बाल्कनीचं दार सताड उघडलं. "काय व्ह्यू आहे बघा, ताई!"

ताई व्ह्यूकडे पाठ फिरवून बाथरूममध्ये गेल्या होत्या. आत्यानं सगळे नळ एकदम सोडले, वर फ्लश ओढला. नळांची धार सुतासारखी झाली. "लिही," ती मला म्हणाली, "एकानं अंघोळ केली की दुसऱ्यानं देवाचं नाव घेत बसायचं." मग तिनं कपाटात डोकं घालून ओलीचा वास येतो का पाहिलं, भिंतींवर टिचक्या मारल्या आणि एका भिंतीपाशी थांबली.

"ही एकच भिंत नवीन रंगवलेली कशी?"

"डिझाइन आहे, ताई."

"ठिगळ आहे ते. आणि तुम्ही ठिगळ मला दाखवताय? कपडा नेहमी उलटा करून बघावा. सुलट बाजू काय, सगळ्यांचीच छान असते."

असे चौदा फ्लॅट झाले. नवव्यानंतर एजंटला आम्ही फोन केला की ताप यायला लागला. बाराव्या फ्लॅटवर मी भाळले. काय तो प्रकाश, काय ती खिडकीतली बैठक! आत्या म्हणाली, "तुला आवडला ना? मग नको. तुला राहायचंय का इथे? मला राहायचंय? गिऱ्हाइकाचा कोट आपल्या मापाचा शिवून कसं चालेल?"

पंधरावा फ्लॅट मोठ्या हॉस्पिटलच्या मागे होता. तिसरा मजला, दोन खोल्या, ओट्यापुरतं स्वयंपाकघर. बाल्कनीतून हॉस्पिटलची धुलाई दिसायची, म्हणजे दोरीवर वाळणाऱ्या शेदीडशे पांढऱ्या चादरी. एजंटनं लाजेखातर ते दार उघडलंच नाही. आत्यानं स्वतः उघडलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"इथे नर्स किती असतील हो?"

त्या इमारतीत ती तीनदा गेली. एकदा सकाळी, पाण्याच्या वेळेला. एकदा भर दुपारी. एकदा संध्याकाळी, लोक घरी आल्यावर कोण कुणाशी भांडतं ते ऐकायला. तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्यापाशी चार कपडे देऊन ती तासभर उभी राहिली. घरमालक विकतोय कशासाठी, वरून कुठे गळतं, लिफ्ट महिन्यातून किती दिवस चालते, सगळं काढून घेतलं. "मालक अर्धं खरं सांगतो, एजंट पाव," ती म्हणाली. "इस्त्रीवाल्याला खोटं बोलायला सवडच नसते." कागदपत्रं वकिलाकडून तपासून घेतली. दुरुस्तीसाठी आणि फ्लॅट रिकामा राहील त्या महिन्यांसाठी थोडी रक्कम बाजूला काढली, आणि मगच सही केली.

किल्ली तिनं आतोबांकडे दिली. "रोज जाऊन खिडक्या उघडा. कुणी बघायला आलं तर दाखवा. तेवढेच पाय मोकळे होतील तुमचे."

दोन महिने गेले, भाडेकरू मिळेना. आत्यानं भाडं थोडं उतरवलं, पंखे नवे बसवले. माणसं फ्लॅट बघायला जायची आणि गडप व्हायची. आतोबा मात्र संध्याकाळी शीळ घालत घरी यायचे.

"आलं होतं का कुणी?"

"एक जोडपं येऊन गेलं. विचार करून कळवतो म्हणाले."

एका दुपारी मी आत्याकडे बसले असताना एक नर्स युनिफॉर्म कमरेत लहान करून घ्यायला आली. आत्या टाचण्या लावत होती, ती पोरगी बोलत होती. लांब राहते, दोन बस बदलून येते.

"हॉस्पिटलमागे एक छान फ्लॅट होता हो. पण बरं झालं, तिथल्या आजोबांनी खरं काय ते सांगितलं."

"काय सांगितलं?" टाचण्यांमधून प्रश्न आला.

"पाइप रडतात म्हणे. वरच्या मजल्यावर एक पैलवान दोरीवरच्या उड्या मारतो. आणि मालकीण म्हणजे नुसती वाघीण! बिचाऱ्यांनी चहा करून पाजला मला."

आत्यानं तोंडातल्या टाचण्या एकेक करून बाहेर काढल्या. मी मोजल्या, आठ होत्या.

"मालकीण कशी आहे म्हणाले?"

पाऊण तासात आम्ही फ्लॅटच्या दारात होतो. आतोबांनी दार उघडलं. "बघायची वेळ आता सं—" म्हणाले आणि त्यांचा आ वासलेलाच राहिला.

आत महिन्यापूर्वी दुरुस्तीला गेलेली घरची आरामखुर्ची होती. किटली होती, रेडिओ होता, बाल्कनीत दोन बनियन वाळत होते. खिडकीला लावून एक टेबल, त्यावर पेन, गोंदाची बाटली आणि तिकिटांचा अल्बम, सगळं पोस्टाच्या काउंटरवर असावं तसं ओळीत.

"ही खुर्ची दुरुस्तीला गेली होती ना?"

"झाली दुरुस्त," आतोबा म्हणाले.

आता आकाश कोसळणार म्हणून मी भिंतीला टेकले. पण आत्या त्या खुर्चीत बसली. "पैलवान कुठाय?"

"वर एक शिक्षिका राहतात. फार शांत बाई." मग आतोबा खाली बघत म्हणाले, "तिकडे साडेनऊला पहिलं गिऱ्हाईक येतं. तू म्हणतेस, जरा आत जा. आत म्हणजे स्वयंपाकघर. तिथे तू म्हणतेस, सरका, इस्त्री तापलीय. पाच वर्षं झाली, मी बाथरूममध्ये बसून पेपर वाचतोय."

तोंडात एकही टाचणी नसताना आत्याला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती भाडेकराराच्या दोन प्रती घेऊन गेली. "राहायचं तर रीतसर राहा. पेन्शनीतून भाडं द्या. फुकटात राहणारा नातेवाईक मला नको."

आतोबांनी करार दोन तास वाचला. लाल पेनानं सहावं कलम अधोरेखित केलं. "'किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे.' हे मोघम आहे. वॉशर किरकोळ, मान्य. पण वॉशर बदलूनही नळ गळला तर?" आत्याला ते कलम नव्यानं लिहावं लागलं. मग खोल्यांचे फोटो काढून जोडले, आणि आतोबांनी सही केली.

त्यानंतर घरी पत्रं येऊ लागली. टपालानं. 'स.न.वि.वि. बाथरूमचा नळ मिनिटाला चाळीस थेंब गळत असून...' 'बाल्कनीची कडी बसत नाही...' 'स्वयंपाकघरातल्या बटणातून ठिणगी उडते, ही बाब किरकोळ नाही.' आणि संध्याकाळी पत्रलेखक स्वतः जेवायला घरी हजर!

"तुमचं पत्र मिळालं," आत्या वाढता वाढता म्हणायची.

"लेखी उत्तर द्यावं," आतोबा म्हणायचे. "आणि जरा भाजी वाढ."

आत्या चरफडत प्लंबर पाठवायची. पण दोन महिन्यांत फ्लॅटमधला झाडून सगळे दोष निघाले. नुसतं बघायला येणाऱ्याला ठिणगीचं बटण कुठून सापडणार होतं?

याच काळात तिनं हॉस्पिटलच्या फाटकाशी एक लहानसा गाळा घेतला आणि मशीन तिकडे हलवलं. एके सकाळी घरातला मापाचा पडदा काढून तिनं त्याची घडी घातली. "ही खोली आता तुमची. द्या महिन्याची नोटीस."

आतोबांनी नोटीस दिली. लेखी.

ती नर्स आणि तिची मैत्रीण राहायला आल्या, त्या दिवशी आतोबांनी त्यांच्या हातात चार पानं ठेवली: ऊन कुठल्या खिडकीत किती वाजता येतं, पाणी कधी जातं, कचरा कुठे टाकायचा. मग खाकरून म्हणाले, "पाइप रडत नाहीत. पैलवानही नाही. मी खोटं बोललो होतो, पोरी."

"आणि मालकीण?"

आतोबांनी आत्याकडे एकवार बघून घेतलं. "ते मात्र खरं होतं."

पोरींचं तिथे आता दुसरं वर्ष चालू आहे. पहिल्या महिन्यात आतोबा पाचदा 'सहज' डोकावले, तेव्हा पोरींनी आत्याकडे तक्रार केली. मालकाकडच्यांनी आदल्या दिवशी कळवल्याशिवाय यायचं नाही, असं कलम करारात पडलं. ते आत्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं.

पुढच्या खोलीत आतोबा एकटे चार दिवस बसले. पाचव्या दिवशी आरामखुर्ची टेम्पोत घालून गाळ्यावर आले. हल्ली गिऱ्हाइकांच्या पावत्या तेच फाडतात आणि नर्स रांगेत नीट उभ्या नसल्या तर त्यांना बोलतात. घरची पुढची खोली दिवसभर मोकळीच असते. तिथे एखादी पेइंग गेस्ट ठेवावी, असं आत्याच्या मनात आहे. आतोबांनी करार वाचायला मागितलाय.